कारण : सहज

गेल्या सेमिस्टरला आपल्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद झळकला. रात्री बारानंतर वायफाय बंद, कारण 'विद्यार्थी गेम खेळण्यात वेळ वाया घालवत असल्याचे निदर्शनास आले आहे'. खाली सही, शिक्का, तारीख. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याखाली पेनाने 'गेम ओव्हर' लिहिलं. तिसऱ्या दिवशी बोर्डाला काच बसली.

तर मंडळी, त्या नोटिशीबद्दल मला थोडं बोलायचंय. भांडण म्हणून नाही. रेक्टर सर हे मासिक वाचतात हे मला माहीत आहे, आणि माझे दोन बॅकलॉग राहिलेत हे त्यांना माहीत आहे. तेव्हा लपवण्यासारखं दोन्ही बाजूंना काहीच नाही.

पहिली गंमत ही की वायफाय गेलं तेव्हा पहिला बळी पडला तो आमच्या शेजारच्या रूममधला अभ्यासू कार्यकर्ता. बिचारा ओरलच्या आदल्या रात्री यूट्यूबवर फ्लुइड मेकॅनिक्स बघत होता, बर्नुलीच्या समीकरणात मध्येच लटकला. माझा गेम मात्र निवांत चालू होता. कारण मी जे खेळतो त्याला इंटरनेट लागतच नाही. एकदा उतरवून घेतला की संपलं. नोटीस काढणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बीजीएमआय असणार. आधीच्या पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, मग २०२१ मध्ये हा नव्या नावाने आला, मधे गायब झाला, २०२३ मध्ये परत आला. शंभर जण उतरतात, मारामारी होते, अर्ध्या तासात निकाल. तो खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही (आमच्या विंगचा स्क्वॉड चांगला आहे, माझ्याशिवाय), पण तो वेगळा आणि मी म्हणतो तो वेगळा.

हा घोटाळा एकट्या होस्टेलचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. बातमी वाचून पाटसहून आण्णांचा फोन. "काय रं, तुझा त्यो गेम बंद झाला म्हणं?" आवाजात आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, आण्णा, तो रमीचा. माझ्यात घोडा आहे, डोंगर आहे. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "घोड्यावर पैसे लावत्यात का?"

असो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आणि विशेषतः स्टाफरूमसाठी, थोडक्यात. या प्रकाराला ओपन वर्ल्ड आरपीजी म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ निघाला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि एकाने गोष्ट पुढे न्यायची. तो खेळ कॉम्प्युटरवर आला, त्याला नकाशा मिळाला, आणि नकाशा वाढत वाढत अख्खा मुलूख झाला. माझा मुलूख 'स्कायरिम'. नोव्हेंबर २०११ चा गेम, म्हणजे तेव्हा मी अंगणवाडीतून नुकता वर सरकलो होतो. इतका जुना का? कारण माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही. नवीन 'एल्डन रिंग' चालू केला तर फॅनचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो आणि चित्र स्लाइड शोसारखं सरकतं. तो आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच्या लॅपटॉपवर बघतो. खेळणारा एक, मागे कॉटवर सहा जण, आणि 'डावीकडे जा' 'उजवीकडे जा' असं मार्गदर्शन करणारे सगळेच.

स्कायरिमची सुरुवात अशी. तुमचे हात बांधलेले, बैलगाडीसारख्या एका गाडीतून तुम्हाला शिरच्छेदासाठी नेतायत. गुन्हा काय ते कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. मग ड्रॅगन येतो, गोंधळ उडतो, एका गुहेतून तुम्ही बाहेर पडता. समोर बर्फाचे डोंगर, खाली नदी. सोबतचा माणूस म्हणतो, या रस्त्याने गाव आहे, चल. आणि तुम्ही नाही गेलात तरी चालतं.

माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. नाही गेलात तरी चालतं. ड्रॅगन जग जाळायला निघालाय, तुम्हीच त्याला थांबवणारे आहात, पण तुम्ही सहा महिने फुलपाखरं धरत हिंडलात तरी तो बिचारा वाट बघतो. (सबमिशनची तारीख याच्याकडून काहीतरी शिकेल तर बरं.) लोक म्हणतात पोरांना तलवारी आणि जादू आवडते. आवडते, नाही कशाला म्हणू. पण तलवारी तर शंभर गेममध्ये आहेत. मला खेचतो तो हा रस्ता सोडण्याचा परवाना.

जरा आपला रस्ता आठवून बघा. दहावी, बारावी, सीईटी, कॅप राउंड, एफई, एसई, टीई, बीई, कॅम्पस. पाचवीपासून मला सकाळी सहाला क्लासची व्हॅन न्यायला यायची, ती मला थेट इथे आणून सोडून गेली असं वाटतं. मधे कुठे उतरलो असेन तर आठवत नाही. आणि इथे आल्यावर पहिल्या दिवशी काय विचारलं गेलं? नाव सांगितलं तर पुढे आडनाव. आडनाव सांगितलं तर गाव कुठलं. मग स्कोर किती आणि कितव्या राउंडला लागला. यातून समोरच्याला जे काढायचं असतं ते तो काढतो, आणि मग त्याच्या बोलण्यातला सूर ठरतो. स्कायरिममध्ये नाव विचारतात आणि तिथेच थांबतात. आडनावाला रकानाच नाही. आता तिथे सगळं गोडीगुलाबीनं चालतं असंही नाही. विंडहेल्म नावाच्या शहरात डार्क एल्फ लोकांची वस्ती वेगळी, कोंदट, आणि दारातच त्यांना टोमणे मारणारे उभे. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा लेका हे तर ओळखीचं आहे असं झालं. पण निदान तिथे मी कोण हे मी ठरवून गेलो होतो.

आता थोडं तांत्रिक. शेवटी कॉलेज इंजिनिअरिंगचं आहे.

स्कायरिमच्या आधीचा याच मालिकेतला 'मॉरोविंड' २००२ चा. त्यात नकाशावर बाण नव्हता. काम सांगणारा माणूस तोंडी पत्ता सांगायचा, की गावाबाहेर पड, पूल ओलांड, दगडाच्या कमानीपाशी डावीकडे वळ. तो तुमच्या वहीत लिहिला जायचा आणि तुम्ही धुक्यात चाचपडत जायचात. धुकं मुद्दाम. तेव्हाच्या मशीनला लांबचं चित्र काढायला झेपायचं नाही, म्हणून लांबचं धुक्यात झाकलं, आणि त्यामुळे छोटंसं बेट अफाट वाटायला लागलं. मर्यादेतून काढलेली ही पळवाट मला कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकापेक्षा आवडते. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये मात्र बाण आला, आणि नकाशावर बोट ठेवलं की त्या जागी पोचायची सोयही. काम सोपं झालं. पण लोक रस्त्याकडे बघायचे बंद झाले, बाणाकडे बघत चालायला लागले.

पाटसला आमच्याकडे अजून मॉरोविंडच आहे. हायवेवर कुणी गाडी थांबवून आमच्या वस्तीचा पत्ता विचारला तर आण्णा सांगतात, "कालव्याच्या पुलावरनं खाली उतरा, वठलेली चिंच लागंल, तिथनं उसाच्या कडंनं जावा, कुत्रं भुंकलं की आलंच." गूगलवाला माणूस हमखास चुकतो. कुत्र्यावर भरवसा ठेवणारा पोचतो.

निनटेंडोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'वाल्यांनी २०१७ मध्ये याचा फार विचार केला. त्यांनी स्वतःच जपानमधल्या एका परिषदेत सांगितलंय की त्यांनी जमीन त्रिकोणांनी रचली. टेकडी त्रिकोणी असली की समोरच्याला दोनच गोष्टी सुचतात, चढून जावं की वळसा घालावा. आणि त्रिकोणाच्या मागे काहीतरी झाकलेलं असतं, ते वळसा घालताना हळूहळू दिसतं. म्हणजे 'सहज तिकडे गेलो' असं आपल्याला वाटतं, तेव्हा कुणीतरी आपल्या सहजची ड्रॉइंगशीट आधीच काढून ठेवलेली असते. हे कळल्यावर मला जरा फसल्यासारखं झालं. मग वाटलं, चांगला घाट बांधणाराही हेच करतो की.

इथे एक बाजू अशी आहे जी मला स्वतःहून कधी सुचली नसती. आमच्या वर्गातली एक मैत्रीण हे गेम माझ्यापेक्षा जास्त आणि जास्त चांगले खेळते. मी तिला विचारलं, तुला यातलं सगळ्यात काय आवडतं? मला वाटलं जादू म्हणेल, कपडे म्हणेल (मुलगी म्हणून हा अंदाज केला, माफी मागून झालीय). ती म्हणाली, "रात्री दोन वाजता एकटी जंगलातून चालते. पाऊस पडत असतो. कुणाला फोन करून सांगावं लागत नाही की पोचले."

मी गप्प बसलो. मुलांच्या होस्टेलला दहाला गेट बंद होतं आणि त्यावर आम्ही किती आरडाओरडा करतो. मुलींचं त्याच्या किती आधी बंद होतं ते बघा. ती पुढे म्हणाली की तिथेही लांडगे आहेत, दरोडेखोर आहेत, ती मरतेसुद्धा. पण मेली तर कुणी असं विचारत नाही की तू रात्रीची गेलीच कशाला. नोटीस काढताना हे कुणाच्या 'निदर्शनास' आलं असेल असं मला वाटत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आता आण्णांची गोष्ट. ती सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आण्णांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, पुणे-सोलापूर रस्त्यावर. सकाळी सातला शटर वर, रात्री नऊला खाली. समोरून दिवसभर सगळा देश जातो, हैदराबादपर्यंतच्या गाड्या, आणि आण्णा जागेवर. दिवाळीच्या सुट्टीत मी शटलने पाटसला उतरलो, तेव्हा एम-थ्रीचा निकाल लागलेला होता आणि तो त्यांना कळलेला होता. दोन दिवस घरात कुणी फार बोललं नाही. तिसऱ्या रात्री मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आण्णा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता लॅपटॉप कालव्यात जातो.

"दाव. कशापायी नापास झाला ती तरी बघू."

मी दाखवायला लागलो. नेमका तेव्हा मी इव्हरस्टेड नावाच्या गावात होतो. तिथून एका मोठ्या डोंगरावर पायऱ्या जातात. सात हजार पायऱ्या असं त्यांना म्हणतात (प्रत्यक्षात तेवढ्या नाहीत, आपल्याकडेही असंच असतं). वर मौन पाळणारे म्हातारे साधू राहतात. खाली पुलापाशी गावातला एक माणूस भेटतो, तो म्हणतो, वरच्या लोकांसाठी सुके मासे आणि खारवलेलं मांस द्यायचंय, माझे पाय आता चालत नाहीत, एवढी पिशवी नेशील का? आण्णा म्हणाले, "शिधा हाय व्हय." मग आम्ही चढायला लागलो. वाटेत ठिकठिकाणी कोरलेल्या शिळा आहेत, प्रत्येकीवर थोडा मजकूर, लोक थांबून वाचतात. एका शिळेपाशी एक बाई भेटली. ती यात्रेला आलेली. आण्णा पुढे सरकले.

"ही वारीच की रं."

सांगायला हवं की तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आमच्या पाटसवरून जाते. वरवंडचा मुक्काम हलला की पाटस, आणि पुढे रोटीचा घाट. घाट तसा छोटाच, पण चढाला रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि ते बघायला आजूबाजूची गावं लोटतात. आण्णा लहानपणापासून ते बघत आलेत. एकदाही पुढे गेलेले नाहीत. आधी आजोबांची गुरं होती, मग दुकान आलं. पालखी घाट चढून उंडवडीकडे उतरते आणि आण्णा माघारी येतात.

वर वाटेत बर्फातला एक राक्षस अंगावर आला, त्याने मला दोनदा मारलं. आण्णांनी दोन्ही वेळा शिवी दिली, त्याला. तिसऱ्यांदा आम्ही त्याला चुकवून पळालो. शिधा पेटीत ठेवला. तेव्हा मला वाटलं झालं, आता उठतील. तर आण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "त्या पल्याडच्या डोंगराव काय हाय?" मी म्हटलं, काही नसेल, आपलं काम इथे झालं. "नसंना. जा की."

रात्रीचा दीड वाजला होता. दुकान सातला उघडायचं होतं.

मग ते बोलायला लागले. लहानपणी गुरं घेऊन घाटाच्या वरच्या माळावर जायचे, तिथे चिंकारा दिसायची, सुप्याकडे अजून आहेत. मयूरेश्वरचं अभयारण्य त्यांच्यासाठीच आहे. सायकलवर दौंडवरून भीमा ओलांडून पेडगावच्या किल्ल्यात गेले होते, बहादूरगडात. १६८९ साली संभाजी महाराजांना जिथे औरंगजेबापुढे उभं केलं तो किल्ला. घरी सांगितलं नव्हतं. परत आले तेव्हा अंधार पडला होता आणि आजोबांनी फक्त विचारलं, गुरं कुठायत? गुरं आपली आपण घरी आली होती. "आमच्या टायमाला दिवसभर कुठं व्हतास आसं कुणी इचारत नव्हतं." हे त्यांनी काही मला शिकवायला सांगितलं नाही. ते नुसते आठवत होते.

मला व्हाइटरन शहरातली प्रत्येक गल्ली माहीत आहे. लोहार कुठे, औषधांचं दुकान कुठे, कोण कुणावर चिडलेला आहे. पेडगावचा किल्ला मी अजून पाहिलेला नाही. तो आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. यात माझी चूक किती आणि त्या सहाच्या व्हॅनची किती, याचा हिशोब मला लागत नाही. अभ्यास कर म्हणून मला व्हॅनमध्ये बसवणारेही आण्णाच.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी गेमची आरती ओवाळतोय. तर दुसरी बाजूही ऐका, ती मी भोगलेली आहे. स्टीम नावाचं जे गेमचं दुकान आहे ते तुमचे तास मोजून दाखवतं. त्या सेमिस्टरचे माझे १६० तास. सोळा आठवड्यांत भागले तर दिवसाला दीड तास सुद्धा होत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं असं की सुरुवातीला आठवडाभर शून्य असायचे आणि पीएलमध्ये रोज सहा. सरासरीने माणूस बुडतो कसा ते स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी यावरून शिकवावं.

आणि सहा तास का, तेही सांगतो. स्कायरिममध्ये तुम्ही जे करता ते वाढतं. तलवार चालवली की तलवारीचं कौशल्य वाढतं, कुलपं उघडली की कुलपांचं. मॉरोविंडमध्ये तर उड्या मारल्या की उडी वाढायची, त्यामुळे लोक गावोगाव बेडकासारखे जायचे. एकही घाव फुकट जात नाही. आता एम-थ्री घ्या. मी लाप्लासची चाळीस गणितं सोडवली होती, खरंच सोडवली होती, आणि इन-सेमला तीसपैकी नऊ पडले. त्या रात्री मी खोलीत आलो आणि दोन तास नुसते खंजीर बनवत बसलो. लोखंडाचे, एकामागून एक. प्रत्येक खंजिराला लोहारकाम थोडं वाढायचं आणि एक छान आवाज यायचा. त्यात मोकळं जग नव्हतं, वाट सोडणं नव्हतं, काही नव्हतं. नऊ मार्कांवर लावलेलं मलम होतं ते. त्या मलमाचीच चटक लागते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराची नोंद आपल्या रोगांच्या यादीत केलीय, ती २०२२ पासून लागू आहे. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ येणं, नुकसान दिसत असून न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं. मी ती स्वतःला लावून बघितली. वर्ष भरलं नव्हतं, एवढंच म्हणतो.

आणखी एक खोट आहे. गेममधल्या गुहेत पेटी असतेच. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये नऊशे छोट्या गमती लपवून ठेवल्यात, कुठलाही दगड उचला, बक्षीस. पाटसच्या माळावर दगड उचलला तर विंचू निघतो किंवा काहीच निघत नाही. 'काहीच निघत नाही' याची सवय गेमने मोडते हे मला मान्य करावं लागेल. सुट्टीत मी एकदा माळावर चालत गेलो तर वीस मिनिटांत कंटाळलो. हरीण दिसलं नाही.

मग आपल्या माळावर गेम का नाही? हा प्रश्न मला 'द विचर ३'ने टाकला. पोलंडचा गेम, मे २०१५. त्यात सुरुवातीलाच एक ओसाड पडलेली वस्ती आहे, तिथे विहीर आहे, आणि त्या विहिरीपाशी भर दुपारी एका मेलेल्या बाईचा आत्मा दिसतो. तिच्या अस्थी आणि बांगडी शोधून जाळावी लागते तेव्हा ती सुटते. आमची आज्जी ते बघून म्हणाली, "आसरा हायत त्या." भर दुपारी विहिरीकडे जायचं नाही हे तिने आम्हाला लहानपणी शंभरदा सांगितलेलं. पोलंडमधल्या शेतकऱ्यालाही दुपारच्या उन्हात बाईच दिसते, आणि त्यांनी ती लाजत न बसता गेममध्ये घातली. अख्खं जग आज ती बाई ओळखतं. आपल्याकडे साती आसरा आहेत, मुंजा आहे, वेताळ आहे, शिवेवर शेंदूर लावलेला म्हसोबा आहे, आणि आम्ही बर्फातल्या राक्षसांशी लढतोय. मी तर अजून खरा बर्फ फ्रीजबाहेर पाहिला नाही.

अगदीच कुणी काही केलं नाही असं नाही. आपल्या पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' केला. भटक्या सर्कशीतली एक मुलगी, तिच्या लहान भावाला असुर पळवतात, ती त्याला शोधायला निघते, आणि दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट आपापसात सांगतात. मधली दृश्यं कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखी. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम २०२० मध्ये बाहेर आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. पण राजीत वाट एकच आहे. पुढे जा, लढा, पुढे जा. त्याला मी दोष देत नाही. मोकळा मुलूख उभा करायला शेकडो माणसं आणि अनेक वर्षं लागतात, विचरला तर जाहिरातीसकट आठ कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला. मोजक्या माणसांच्या स्टुडिओला तेवढं कुठून आणायचं? एवढंच दिसतं की रस्ता सोडून हिंडायची सोय करणं हीच यातली सगळ्यात महाग गोष्ट आहे. गेममध्येही आणि बाहेरही.

तर रेक्टर सर, विनंती अशी. वायफाय बारानंतर चालू ठेवा, ते लेक्चरवाल्यांना लागतं. आमच्यातला कुणी पीएलमध्ये रोज सहा तास खंजीर बनवत बसलेला दिसला तर त्याला बोलवा, त्याला कितीपैकी किती पडले ते आधी विचारा आणि गेमचं नंतर. मुलींच्या गेटची वेळ वाढवायचा विषय कमिटीपुढे आणा, तो विषय गेमवाल्या पोराने काढला म्हणून हसू नका. आणि रविवारी दिवसाचं तरी आउटिंग रजिस्टर काढून टाका.

त्या रजिस्टरमध्ये नाव, रूम नंबर, जाण्याची वेळ, येण्याची वेळ आणि शेवटी 'कारण' असा रकाना आहे. मागच्या रविवारी मला पेडगावला जायचं होतं. दौंडपर्यंत शटल, पुढे मिळेल ते. आण्णांनाही सांगितलं नव्हतं. मी कारणापुढे 'सहज' लिहिलं. वॉचमन काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

"सहज चालत नाही. काहीतरी लिही."

मी खोडून 'झेरॉक्स' लिहिलं. त्यांनी दार उघडलं.